पगारच नाही, तर संप कशाचा? स्वीडनच्या महिला आइस हॉकीतलं एक प्रकरण

संप म्हटलं की आपल्या मनात एक साधा हिशेब असतो. कामगार काम थांबवतो, मालक पगार थांबवतो आणि मग कुणाचा दम आधी संपतो ते बघायचं. स्वीडनच्या महिला आइस हॉकीपटूंनी २०१९च्या ऑगस्टमध्ये जे केलं ते या हिशेबात बसत नाही. ज्या कामावर जायला त्यांनी नकार दिला, त्याला पगार म्हणावा असं काही नव्हतंच. उलट तिकडे गेलं की दुसरीकडची कमाई बुडायची.

१४ ऑगस्टला त्यांनी जाहीर केलं की आम्ही येत नाही. राष्ट्रीय संघाचं सराव शिबिर होतं आणि त्याला जोडून फिनलंडमधल्या व्हिएरुमाकी इथे पाच देशांची स्पर्धा. बोलावणं ४३ जणींना गेलं होतं, नकारही ४३ जणींचा आला. सोशल मीडियावर एकच निवेदन फिरलं आणि त्याखाली एकच हॅशटॅग: 'फोर फ्रामतीदेन', म्हणजे भविष्यासाठी. एकही जण फुटली नाही, हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. तो का साधला हे समजून घ्यायचं तर राष्ट्रीय संघापासून नाही, उत्तरेकडच्या एका गावापासून सुरुवात करावी लागते.

लुलेओ

लुलेओ हे स्टॉकहोमपासून रस्त्यानं सुमारे नऊशे किलोमीटर वर, बॉथनियाच्या आखाताच्या काठावर आहे. आर्क्टिक वृत्त तिथून शंभरेक किलोमीटर. डिसेंबरात सूर्य साडेनऊनंतर उगवतो आणि दुपारी जेवण होईपर्यंत मावळतो. समुद्र गोठतो, आणि नगरपालिका त्या गोठलेल्या समुद्रावर शहराच्या कडेनं चक्क रस्ता आखते. लोक त्यावर फिरायला जातात, आजीबाई पायानं ढकलायची घसरगाडी घेऊन, बाप लेकराला स्केट बांधून. पोलाद कारखाना, विद्यापीठ, फेसबुकचं डेटा सेंटर हे सगळं असलं तरी गावाची ओळख सांगायची झाली तर लोक अस्वलाचं चिन्ह असलेला लाल-पिवळा-काळा जर्सी दाखवतात. लुलेओ हॉकी, थोडक्यात एलएचएफ.

हा मुळात पुरुषांचा क्लब. पण ५५ किलोमीटर दक्षिणेला पितेओ नावाचं गाव आहे, तिथल्या मुंकसुंद-स्कुथाम्न या छोट्या स्पोर्ट्‌स क्लबचा महिला संघ वरच्या लीगमध्ये खेळत होता. पैसा तुटपुंजा, प्रवास अफाट. २०१५मध्ये लुलेओनं तो संघ आपल्या छताखाली घेतला. नवा संघ शून्यातून उभा करण्यापेक्षा चालू संसार घरात आणला, असं म्हणा. नावही दोघांचं ठेवलं, लुलेओ एचएफ/एमएसएसके, लग्नानंतर दोन्ही आडनावं लावणाऱ्या बाईसारखं. आणि पहिल्याच मोसमात, २०१६च्या वसंतात, हा संघ स्वीडनचा विजेता झाला.

पुढे २०१८ आणि २०१९ मध्येही सुवर्ण लुलेओकडेच गेलं. (मधल्या वर्षी स्टॉकहोमच्या युरगोर्डननं ते नेलं.) या वरच्या महिला लीगचं नाव २०१६मध्ये बदलून एसडीएचएल झालं होतं, दहा संघ, प्रत्येकी छत्तीस सामने. बहुतेक संघांमागे पुरुषांचा एखादा मोठा क्लब: लिनशोपिंग, ब्रुनेस, एचव्ही७१, मोडो. या सगळ्यांत लुलेओचं वेगळेपण असं की तिथे महिला संघाला घरातलं माणूस म्हणून वागवायची सवय लवकर लागली. तोच जर्सी, तेच चिन्ह, आणि महत्त्वाच्या सामन्यांना पुरुषांचंच, सहा हजारांवर माणसं मावणारं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान.

याला 'व्यावसायिक' म्हणायचं का? क्लब व्यावसायिक, सरावाची शिस्त व्यावसायिक, परदेशी खेळाडू करारावर. पण तेव्हा लीगमधल्या बहुतेक स्वीडिश मुलींचं घर हॉकीवर चालत नव्हतं. कुणी शिकत होती, कुणी अर्धवेळ नोकरी करत होती. शब्द तपासून घ्यावा लागतो तो इथे. 'प्रो' हे विशेषण क्लबच्या लेटरहेडला लागू होतं, खेळाडूच्या बँक खात्याला नाही.

मार्च आणि एप्रिल

२०१९च्या मार्चमध्ये लुलेओ विजेता झाला. एप्रिलमध्ये फिनलंडच्या एस्पोत जागतिक स्पर्धा झाली. दोन्हींमध्ये काही आठवड्यांचं अंतर. एस्पोत स्वीडन आपल्या गटात तळाच्या दोन संघांत गेला, जपानकडूनही हरला, आणि सर्वोच्च श्रेणीतून इतिहासात पहिल्यांदाच खाली घसरला.

हा तो देश होता ज्यानं २००६च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत अमेरिकेला शूटआउटमध्ये ३-२ हरवलं होतं. अमेरिका आणि कॅनडा सोडून तिसरा देश ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पोचण्याची ती पहिलीच वेळ. मारिया रूथचे दोन गोल आणि निर्णायक पेनल्टीही तिचीच, गोलमध्ये एकोणीस वर्षांची किम मार्टिन. त्या संघातली बचावपटू इल्वा लिंडबेरी, पुढे इल्वा मार्टिनसेन, २०१९मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक होती. म्हणजे शिखर पाहिलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर संघ खाली आला.

त्याच एस्पोत दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. फिनलंड अंतिम सामन्यात. कर्णधार येन्नी हीरिकोस्की स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू. जादा वेळेत पेत्रा निएमिनेननं गोल मारला, हातमोजे-काठ्या बर्फावर उडाल्या, मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. पंचांनी मग व्हिडिओ पाहिला, पाहतच राहिले, आणि गोलरक्षकाला अडथळा झाला म्हणून गोल रद्द केला. शूटआउटमध्ये अमेरिका जिंकली. या हीरिकोस्की आणि निएमिनेन दोघी हिवाळाभर खेळत होत्या कुठे? लुलेओत.

मला या प्रकरणाची किल्ली इथे दिसते. जगातली सर्वोत्तम बचावपटू स्वीडनमध्ये राहून, स्वीडिश बर्फावर, स्वीडिश सहकाऱ्यांबरोबर रोज सराव करते. योहाना फेलमनसारखी लुलेओची स्वीडिश खेळाडू त्याच ड्रेसिंग रूममध्ये तिच्याबरोबर बूट बांधते. आणि एप्रिलमध्ये एक अंतिम सामना खेळते, दुसरीचा संघ खालच्या श्रेणीत जातो. 'आपल्याकडे मुली तयारच होत नाहीत' हे उत्तर मग टिकत नाही. फरक क्लबमध्ये नव्हता. क्लबचा जर्सी काढून देशाचा घातल्यावर जे होत होतं, त्यात होता.

काय होत होतं

खेळाडूंनी मांडलेली गाऱ्हाणी वाचताना पहिल्यांदा हसू येतं, मग येत नाही. पुरुषांच्या मापाचे कपडे. मुदत उलटून गेलेली पोषण-उत्पादनं. प्रवासाची अशी आखणी की स्पर्धेला पोचेपर्यंत विश्रांतीचे तासच उरत नाहीत. विमा पुरेसा नाही. आणि सगळ्यात शेवटी, पण खरं तर सगळ्यात आधी, कामावरून रजा घेतल्यानं बुडणाऱ्या कमाईची धड भरपाई नाही.

कपड्यांचं गाऱ्हाणं अनेकांना क्षुल्लक वाटलं. मला ते सगळ्यात बोलकं वाटतं. पैसे कमी आहेत म्हणून विमान स्वस्तातलं घेतलं, हे समजू शकतं. पण ट्रॅकसूट मागवताना बाईच्या मापाचा मागवायला जास्त पैसे लागत नाहीत. लागतं ते फक्त कुणाच्या तरी लक्षात येणं. ऑर्डर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती बाई नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

आता भरपाईचा मुद्दा जवळून बघू. समजा, लुलेओतली एक खेळाडू बालवाडीत अर्धवेळ मदतनीस आहे. व्हिएरुमाकीला जायचं तर ती लुलेओच्या कालाक्स विमानतळावरून आधी दक्षिणेला स्टॉकहोमला जाणार, तिथून हेलसिंकी, तिथून बसनं शंभर-सव्वाशे किलोमीटर वर. (फिनलंडची हद्द लुलेओपासून गाडीनं दोनेक तासांवर आहे, हे वेगळंच.) शिबिर आणि स्पर्धा धरून आठवडा जातो. बालवाडी तिला रजा देते, पगार देत नाही. वर्षात अशी चार-पाच बोलावणी. पुरुष खेळाडूचं असं होत नाही, कारण त्याला महिन्याचा पगार त्याचा क्लब देत असतो आणि तो राष्ट्रीय सामन्यांच्या आठवड्यातही चालू राहतो. त्याच्यासाठी देशाचा जर्सी हा मान असतो. तिच्यासाठी तो मान अधिक बिनपगारी आठवडा.

स्वीडिश भाषेत 'क्रोना' म्हणजे मुकुट आणि क्रोना म्हणजे चलनही. पुरुषांचा संघ 'त्रे क्रोनोर', तीन मुकुट, महिलांचा 'दामक्रोनोर्ना'. भांडणात दोन्ही अर्थ एकदम वापरात होते, एवढं सांगून पुढे जातो.

राष्ट्रीय संघ चालवणाऱ्या स्वीडिश हॉकी महासंघाची बाजूही नीट मांडली पाहिजे. कुठल्याही हॉकी महासंघाची तिजोरी पुरुष संघाच्या प्रक्षेपण आणि तिकिटांवर भरते. महिला संघ खर्चाच्या रकान्यात असतो. शिवाय संघ नुकताच खालच्या श्रेणीत गेलेला. अशा वेळी कारभाऱ्यांना वाटणं साहजिक आहे की आधी खेळ सुधारा, मग मागा. जगातली बहुतेक क्रीडामंडळं हेच म्हणतात. या युक्तिवादात एकच खोट आहे: खेळ सुधारायला जे लागतं तेच मागितलं जात होतं.

नकाराची रचना

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण प्रकरण म्हणून शिकण्यासारखं काही असेल तर ते हेच.

पहिली गोष्ट, त्यांनी क्लबचं काम थांबवलं नाही. सप्टेंबरात एसडीएचएलचा मोसम ठरल्याप्रमाणे सुरू झाला. लुलेओच्या मुली लुलेओसाठी खेळल्या, मोडोच्या मोडोसाठी. प्रेक्षकाला हॉकी मिळत होती, खेळाडूचं तुटपुंजं का होईना उत्पन्न चालू होतं, सराव चालू होता. रिकामा राहिला तो फक्त देशाचा जर्सी. त्यामुळे 'दम कुणाचा आधी संपतो' या खेळात त्यांना घाई नव्हती. बिनपगारी कामावर बहिष्कार टाकणाऱ्याचं हेच बळ असतं, पगार तोडायची धमकी त्याला देता येत नाही. लेखाच्या सुरुवातीला जी अडचण वाटली होती, तीच त्यांची ढाल निघाली.

दुसरी, बदली संघ उभा करणं अशक्य केलं. यासाठी ४३चा आकडा. मुख्य वीस-बावीस जणींनीच नकार दिला असता, तर महासंघानं पुढच्या वीस बोलावल्या असत्या, आणि पहिल्यांदाच देशाकडून खेळायची संधी मिळालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला 'नको जाऊस' म्हणणं कुणालाही जड गेलं असतं. ती पुढची फळी आधीच बरोबर घेतली होती. हे अमेरिकेत दोन वर्षांपूर्वी दिसलं होतं. २०१७च्या मार्चमध्ये अमेरिकन महिलांनी घरच्याच जागतिक स्पर्धेवर बहिष्काराचा इशारा दिला, तिथल्या महासंघानं बदली खेळाडू शोधायला फोन फिरवले, अगदी शाळकरी मुलींपर्यंत, आणि नकार ऐकले. स्पर्धेला तीन दिवस उरले असताना तडजोड झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात डेन्मार्कच्या महिला फुटबॉल संघाच्या वादामुळे विश्वचषक पात्रतेचा एक सामना झालाच नाही, आणि तो सामना होता स्वीडनविरुद्ध. म्हणजे धडे शेजारच्याच अंगणात पडले होते.

तिसरी गोष्ट जरा उलटी आहे. श्रेणीतून घसरल्यामुळे त्यांची बाजू कमजोर झाली असं तेव्हा अनेकांना वाटलं. मला वाटतं ती बळकट झाली. सर्वोच्च गटात असताना बहिष्कार टाकला असता, तर पुढची जागतिक स्पर्धा गमावण्याची भीती खेळाडूंनाच जास्त असती. आता गमावण्यासारखं होतं ते फ्रान्समधल्या आँजेची दुय्यम श्रेणीची स्पर्धा. उलट वर चढायची गरज महासंघाला होती, कारण ऑलिंपिकमध्ये हॉकीचा महिला संघच नाही, हे स्वीडनसारख्या देशात कुठल्याही अध्यक्षाला परवडणारं नाही.

या वाटाघाटीत खेळाडूंच्या बाजूनं त्यांची संघटना सिको बोलत होती. एकेकटीला बोलावून समजूत काढायचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

मग चटका बसला तो नेमका लुलेओत. नोव्हेंबरात तिथे चार देशांची स्पर्धा होणार होती: अमेरिका, कॅनडा, फिनलंड आणि यजमान. महिला हॉकीतल्या सगळ्यात मोठ्या वार्षिक गाठीभेटींपैकी ही एक, आणि ती उत्तर स्वीडनमधल्या, विजेत्या क्लबच्या गावात. सप्टेंबरात महासंघानं ती रद्द केली. यजमानाकडेच संघ नाही, तर पाहुण्यांना बोलावून करायचं काय? लुलेओच्या लोकांना जगातले सर्वोत्तम चार संघ घरच्या रिंकवर पाहायला मिळाले असते, ते गेलं. हा तोटा खरा होता आणि तो ज्यांचा काहीच दोष नव्हता त्यांनी सोसला. बहिष्काराच्या बाजूनं बोलणारे हे सहसा गाळतात.

ऑक्टोबरमध्ये समझोता झाला. मुली परतल्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर, जेमतेम दोन महिने.

त्यानंतर

गोष्ट इथे संपली असती तर फार सुबक झाली असती. तसं झालं नाही. २०२०चा मार्च उजाडला, लुलेओ आणि एचव्ही७१ एसडीएचएलच्या अंतिम फेरीत पोचले आणि कोरोनामुळे फेरीच रद्द झाली. त्या वर्षी विजेता नाही. आँजेची स्पर्धाही रद्द. म्हणजे ज्या शिडीवरून वर चढायचं ती शिडीच काढून घेतली. २०२१च्या ऑगस्टमध्ये कॅल्गरीत जागतिक स्पर्धा झाली तेव्हा स्वीडन अजून खालच्याच श्रेणीत होता, तिथे एकही सामना न खेळता.

बीजिंग ऑलिंपिकसाठीही थेट प्रवेश नव्हता, पात्रता फेरी खेळायची होती. ती २०२१च्या नोव्हेंबरात झाली, आणि स्वीडनच्या गटाचं यजमानपद होतं लुलेओकडे. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात याच गावात अमेरिका आणि कॅनडा येणार होते. आता फ्रान्स, स्लोव्हाकिया आणि दक्षिण कोरिया आले. गट जिंकून स्वीडन बीजिंगला गेला. तिथे उपांत्यपूर्व फेरीत कॅनडानं त्यांना ११-० असं धुतलं.

या ११-० वर तेव्हा किती जणांनी म्हटलं असेल, की बघा, मागण्या मान्य करून काय मिळालं. पण दोन महिन्यांच्या बहिष्कारानं मिळालेली भरपाई दोन वर्षांत गोल मारत नसते. राष्ट्रीय संघ त्या काळात सर्वोच्च पातळीवर जवळपास खेळलाच नव्हता. क्लब मात्र चालू होते. लुलेओनं २०२१ ते २०२४ अशी सलग चार सुवर्णं घेतली. २०२२-२३च्या मोसमापासून एसडीएचएलनं महिलांच्या सामन्यात बॉडी चेकिंगला मोकळीक दिली, जे तोवर महिला हॉकीत निषिद्ध होतं. खांद्यानं खांदा भिडवून पक (रबराची चकती) हिसकावायची सवय त्यामुळे स्वीडिश मुलींना लीगमध्येच लागू लागली. काही प्रशिक्षकांना दुखापतींची धास्ती होती, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

२०२३च्या एप्रिलमध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला जागतिक स्पर्धा झाली. उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा तेच दोन संघ, कॅनडा आणि स्वीडन, या वेळी कॅनडाच्या घरच्या प्रेक्षकांसमोर. कॅनडा २-१ पुढे होता आणि तिसरं सत्र संपत आलं होतं. स्वीडननं बरोबरी साधली. जादा वेळेत सारा नर्सनं गोल केला आणि कॅनडा ३-२ जिंकला.

११-० आणि ३-२ यांच्यामध्ये चौदा महिने आहेत. त्यातला किती वाटा त्या ऑगस्टच्या नकाराचा, किती बॉडी चेकिंगचा, किती नव्या पिढीचा, हे वेगळं काढून दाखवणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. एवढं मात्र नोंदवतो की ब्रॅम्प्टनमध्ये हरल्यावर स्वीडिश मुली बर्फावर बसून रडत होत्या असं कुणी सांगितलं, तर त्यात नवल वाटू नये. ११-० नंतर माणूस रडत नाही, नुसता घरी जातो.